पाणथळ जागांविषयी लोकशिक्षण: आखणी कशी करावी, परिणाम कसा मोजावा? (पाषाण तलाव परिसर)

रामनदीकाठ

पुण्यातला पाषाण तलाव आणि त्यात येणारी रामनदी, एवढाच परिसर धरून लोकशिक्षणाचा कार्यक्रम करायचा आहे. कच्चा आराखडा असा: पाषाण, सूस रस्ता आणि बावधन भागातल्या चार शाळांचे नववीचे आठ वर्ग, सकाळी तळ्यावर फिरायला येणारी मंडळी आणि आसपासच्या सोसायट्या. मुलांसाठी वर्गात एक तास आणि तळ्यावर एक सकाळ. काठावर चार फलक. २ फेब्रुवारीला पाणथळ दिनाचा मोठा कार्यक्रम (१९७१ साली याच तारखेला इराणमधल्या रामसर शहरात पाणथळ जागांविषयीचा करार झाला, भारत त्यात १९८२ पासून आहे). शेवटी एक प्रश्नावली भरून घ्यायची आणि अहवाल द्यायचा.

देणगीदारांनी 'परिणाम मोजून दाखवा' अशी अट घातली आहे. मोजायचं नेमकं काय आणि कसं, यावर जाणकारांनी लिहावं. आराखडा मोडीत काढावा लागला तरी चालेल, अजून पैसे कुठेही गुंतलेले नाहीत.

---

आकडेमोड

'शेवटी एक प्रश्नावली' हे आधी खोडा. प्रश्नावली आधी लिहायची, तिच्यावरून कार्यक्रम ठरवायचा. उलट केलं की जे शिकवलं तेच विचारलं जातं, सगळे पास होतात आणि हाती काही लागत नाही.

पहिली पायरी: उद्दिष्ट असं लिहा की दोन अनोळखी माणसांनी तपासलं तरी 'साधलं की नाही' यावर त्यांचं एकमत होईल. 'विद्यार्थ्यांमध्ये पाणथळ जागांबद्दल जागृती निर्माण करणे' हे उद्दिष्ट नाही, ती इच्छा आहे. त्याऐवजी: 'तळ्यावरच्या सकाळीनंतर आठ आठवड्यांनी दहापैकी सहा मुलांना घरातल्या मोरीपासून तळ्यापर्यंत सांडपाण्याचा मार्ग कोऱ्या नकाशावर काढता यावा.' कोण, काय, कधी, किती, हे चारही त्यात आले.

प्रत्येक गटासाठी अशी दोन उद्दिष्टं पुरेत. तीन गट म्हणजे सहा. त्याहून जास्त लिहिलीत तर मोजायला माणसं पुरणार नाहीत.

दुसरं, 'किती लोक आले, किती पत्रकं वाटली' हे काम झाल्याचे आकडे आहेत, परिणामाचे नाहीत. अहवालात ते जरूर द्या, पण वेगळ्या तक्त्यात. आणि मूल्यमापनासाठी एकूण खर्चाचा दहावा हिस्सा आत्ताच बाजूला काढून ठेवा. तो शेवटी कधीच उरत नाही.

---

शेकाट्या

तळ्यावरची सकाळ पक्ष्यांपासून सुरू करा, मुलं तिथेच गुंततात. पण नावं पाठ करून घेऊ नका. हळदी-कुंकू बदक, टिबुकली, वारकरी, जांभळी पाणकोंबडी, वंचक, शेकाट्या, खंड्या, एवढे सात ओळखले की खूप झालं. त्यातून शिकवायची गोष्ट एकच: पायांची आणि मानेची लांबी, चोचीचा आकार यावरून पक्षी किती खोल पाण्यात पोट भरतो ते ठरतं. शेकाट्या गुडघाभर पाण्यात चालतो, त्याचा गुडघा म्हणजे जेमतेम १०-१५ सेंमी. हळदी-कुंकू बदक डोकं खाली, शेपूट वर करून चरतं, म्हणजे मानेला तळ गाठता येईल इतकंच खोल पाणी त्याला चालतं. पाणकावळा बुडी मारून मासा धरतो, त्याला खोल पाणी हवं.

यासाठी दीड मीटरचा बांबू घ्या, ५, १५, ३० आणि १०० सेंमीवर रंगीत पट्ट्या मारा आणि काठावर उभा करा. मुलांनी दुर्बिणीतून पक्षी पाहायचा आणि तो कुठल्या पट्टीपर्यंत उतरेल ते सांगायचं. 'उथळ चिखलाचा काठ म्हणजे वाया गेलेली जागा' हा समज या बांबूने जितका लवकर जातो तितका भाषणाने जात नाही. काठ दगड-सिमेंटने सरळ बांधला की पहिल्या तीन पट्ट्यांचे पक्षी जातात, हे मुलं आपणहून बोलतात.

सामान: ८×४० किंवा ८×४२ दुर्बीण. १० पट घेऊ नका, मुलांच्या हातात चित्र हलत राहतं. दोन मुलांत एक लागते. चाळीस मुलांचा वर्ग चार ठिकाणी फिरवलात तर एका वेळी पक्ष्यांपाशी दहाच मुलं असतात, म्हणजे पाच दुर्बिणी आणि एक जादा. चाळीस मुलांना एकदम उभं केलंत तर वीसही पुरणार नाहीत आणि पक्षी उडून जातील ते वेगळंच.

वेळ: प्रत्येक ठिकाणी २० मिनिटं, मध्ये चालायला ५, सुरुवातीला आणि शेवटी १०-१०. एकूण ११५ मिनिटं. सातला सुरू केलं तर नऊला पाच कमी असताना संपतं. ऊन पाठीवर राहील असे उभे राहा, म्हणजे सकाळी पूर्वेच्या काठावरून पश्चिमेकडे पाहायचं. समोरून ऊन आलं की सगळे पक्षी काळे दिसतात आणि पोरं पाच मिनिटांत कंटाळतात.

---

पाणकणीस

पक्ष्यांचं मान्य, पण मला मूळ आराखड्यातच एक भोक दिसतं. पाषाण तलावाचं दुखणं काय? रामनदीतून येणारं मैलापाणी, गाळ आणि त्यावर पोसलेली जलपर्णी. हे दुखणं नववीतल्या मुलांच्या वागण्यातून आलेलं नाही, त्यांच्या वागण्याने ते जाणारही नाही. मुलांना 'कचरा टाकू नका' शिकवलं, त्यांनी तो टाकला नाही, प्रश्नावलीत शंभर गुण आले, तरी तळ्यात येणारं पाणी तेच राहील. लोकशिक्षण ज्याच्या हाती बदल आहे त्याच्यापर्यंत पोचायला हवं. माझ्या मते पहिला गट सोसायट्यांच्या कमिट्यांचा असावा, मुलं दुसरी.

मुलांना शिकवायचंच तर कारण-परिणामाची साखळी शिकवा. मैलापाण्यात नत्र आणि स्फुरद. त्यावर जलपर्णी वाढते. ती मूळची दक्षिण अमेरिकेतली; उबदार आणि पोषकद्रव्यांनी भरलेल्या पाण्यात साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. तिच्या थरामुळे ऊन आत जात नाही, हवा पाण्यात मिसळत नाही. ती कुजली की उरलासुरला ऑक्सिजनही खाते. म्हणून नुसती यंत्राने जलपर्णी काढली तर पुढच्या हंगामात ती परत येते, आणि काढलेला ढीग काठावरच ठेवला तर त्यातला रस पुन्हा तळ्यात उतरतो. ही साखळी पाच चित्रांच्या कार्डांवर छापा आणि मुलांना क्रमाने लावायला द्या. मुलांच्या मनात 'हिरवं म्हणजे निरोगी' असतं, त्यामुळे ती जलपर्णीचं कार्ड हमखास शेवटी, 'सुधारलेलं तळं' म्हणून लावतात. पूर्वचाचणीत नेमकं हेच विचारा.

आता पाण्याच्या चाचण्या. इथे बहुतेक कार्यक्रम फसतात. विरघळलेला ऑक्सिजन दुपारी तीनला मोजला तर हिरव्या, शेवाळलेल्या पाण्यातही १२ मिलिग्रॅम प्रति लिटर येऊ शकतो, कारण शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडतं. २५ अंशांना पाण्यात सामावतो साधारण ८. मुलं तक्त्यात बघतात, ४ च्या वर म्हणजे माशांना चांगलं, आणि निष्कर्ष काढतात की तळं उत्तम आहे. त्याच पाण्यात पहाटे पाचला २ सुद्धा येत नाही आणि मासे वर येऊन तोंड उघडतात. म्हणून दोन वेळा मोजा, पहाटे आणि दुपारी, आणि मुलांना दोन्ही आकडे द्या. पहाटेचा नमुना मोठ्यांनी घ्यावा. बाटलीतच त्यावर पहिली दोन रसायनं घालून ऑक्सिजन 'बांधला' की पुढचं मापन नंतर दाखवता येतं. त्यात शेवटी तीव्र सल्फ्युरिक आम्ल लागतं, ते मुलांच्या हाती द्यायचं नाही.

गढूळपणासाठी सेकीची २० सेंमीची काळी-पांढरी तबकडी (पाण्यात सोडून ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते बघतात) काठावरून चालत नाही, तळ आधी दिसतो. त्याऐवजी ४ सेंमी व्यासाची, ६० सेंमी लांब पारदर्शक अॅक्रिलिकची नळी, खाली काळं-पांढरं चिन्ह असलेलं बूच आणि बाजूला सेंमीची पट्टी. नळी भरायची, वरून बघत खालच्या चिमट्यातून पाणी सोडत जायचं, चिन्ह दिसलं की थांबायचं. नळी सावलीत धरा. उन्हात दोन मुलांच्या आकड्यांत १०-१० सेंमीचा फरक पडतो.

---

मास्तर_९अ

शाळेच्या बाजूने सांगतो. पाणकणीस, कमिट्यांना पहिलं स्थान द्या, हरकत नाही, पण मुलं सोडू नका. घरात 'आपल्या सोसायटीचं पाणी कुठे जातं?' हा प्रश्न मुलानेच विचारला तर बाप चिटणिसाला फोन करतो. म्हणून हाच प्रश्न गृहपाठ म्हणून द्या आणि किती घरांतून उत्तर आलं ते मोजा.

वेळापत्रकाकडे मात्र नीट बघा. दिवाळीची सुट्टी संपली की लगेच पूर्वचाचणी. डिसेंबरचा उत्तरार्ध स्नेहसंमेलनात जातो, तेव्हा कुठलीही शाळा वर्ग देणार नाही. जानेवारीत २६ तारखेआधीचा आठवडा कवायतीचा. मार्चपासून परीक्षेची तयारी. म्हणजे तळ्यावरच्या सकाळी २५ नोव्हेंबर ते ५ डिसेंबर याच दिवसांत बसवा. स्थलांतरित बदकं तोवर आलेली असतात.

मुख्याध्यापकांना पत्र देताना तारीख, बसची सोय, प्रत्येक दहा मुलांमागे एक मोठं माणूस, प्रथमोपचार पेटी आणि जवळचं रुग्णालय, हे पहिल्याच पानावर लिहा. पालकांची संमती दोन भागांत घ्या: सहलीची वेगळी, फोटो आणि चाचणीच्या माहितीची वेगळी. एकाच कागदावर एकच सही घेतली की फोटोला नकार देणारा पालक मुलाला पाठवतच नाही.

---

आकडेमोड

मास्तरांच्या तारखांवरूनच रचना सुचते. चारपैकी दोन शाळा आधी तळ्यावर, दोन शाळा फेब्रुवारीच्या उत्तरार्धात. कोणत्या आधी, ते चिठ्ठी टाकून ठरवा; 'ज्या शाळेला उत्साह आहे ती आधी' असं केलंत तर दोन गट मुळातच वेगळे होतात. चिठ्ठीही जोडीने टाका: मराठी माध्यमाच्या दोन शाळांत एक, इंग्रजी माध्यमाच्या दोन शाळांत एक. एकाच शाळेचा एक वर्ग आधी आणि एक नंतर असं नको, मधल्या सुट्टीत सगळं इकडचं तिकडे होतं.

चाचण्या आठही वर्गांना, म्हणजे फेब्रुवारीपर्यंत थांबलेल्या शाळांनाही, त्याच सुमारास: पहिली दिवाळीनंतर, दुसरी तळ्याच्या सकाळीनंतर आठवड्याभरात (त्याच दिवशी कधीही नको, तेव्हा फक्त आठवण मोजली जाते), तिसरी आठ आठवड्यांनी. २५ नोव्हेंबरला गेलेल्या वर्गाची तिसरी २० जानेवारीला येते, ५ डिसेंबरला गेलेल्याची ३० जानेवारीला.

इथेच तुमचा २ फेब्रुवारीचा कार्यक्रम आडवा येऊ शकतो. तिसरी चाचणी त्याआधी संपवली नाहीत तर थांबलेल्या शाळांचीही मुलं त्या दिवशी फलक बघतील, भाषण ऐकतील, आणि तुलनाच उरणार नाही. तो दिवस सोसायट्यांसाठी ठेवा.

तुलना का लागते ते उदाहरणावरून बघा, आकडे समजा धरलेले आहेत. तळ्यावर गेलेल्या ४० मुलांपैकी नकाशाचा प्रश्न आधी १४ जणांना आला, नंतर २९ जणांना. वाढ १५. थांबलेल्या ४० मुलांत आधी १३, नंतर १८. ती न जाताही ५ ने वाढली, कारण तोच प्रश्न दुसऱ्यांदा आला, कुणी घरी विचारलं, कुणी बातमी वाचली. कार्यक्रमाच्या खात्यावर १० जमा होतात, १५ नाहीत. तुलना नसती तर अहवालात १५ छापलं असतं.

आणि टक्केवारीला टेकू नका. १०० जणांच्या नमुन्यात टक्केवारी साधारण दहाने इकडेतिकडे होऊ शकते, ३० जणांच्या नमुन्यात अठराने. त्यात एका वर्गातली मुलं एकमेकांसारखी असतात, एकाच शिक्षकाकडे शिकतात, म्हणून खरी अनिश्चितता याहूनही मोठी. अहवालात प्रत्येक शाळेचे आकडे वेगळे द्या. चारही शाळांत वाढ एकाच दिशेने दिसली तर ती गोष्ट सरासरीपेक्षा जास्त बोलते.

---

टिबुकली

प्रश्न कसे लिहायचे यावर कोणीतरी लिहा ना. 'पाणथळ जागा महत्त्वाच्या आहेत: पूर्ण सहमत / सहमत / तटस्थ…' असे प्रश्न सगळीकडे दिसतात.

---

आकडेमोड

टिबुकली, तो प्रश्न टाकूच नका. पाहुण्यांसमोर 'नाही, महत्त्वाच्या नाहीत' असं कोण लिहील? पहिल्याच चाचणीत ९० टक्के 'पूर्ण सहमत' येतात, मग वाढायला जागाच उरत नाही. नियम सोपा: १५-२० मुलांवर (कार्यक्रमाबाहेरच्या) प्रश्न तपासून बघा, दहापैकी आठांना आधीच येत असेल तर प्रश्न काढा, दहापैकी एकालाही येत नसेल तर बहुतेक प्रश्नाची भाषा चुकली आहे.

चांगले प्रश्न चुकीच्या समजावर बोट ठेवतात. एक नमुना देतो. चार फोटो: जलपर्णीने पूर्ण झाकलेलं तळं; सिमेंटचा उभा काठ आणि निळं पाणी; उथळ, चिखलाचा, पाणकणसाच्या बेटांचा काठ; कारंजं असलेलं बागेतलं तळं. 'हिवाळ्यात पाण्यात चालणारे पक्षी सर्वात जास्त कुठे मिळतील? कारण एका ओळीत.' गुण कारणाला द्या, निवडीला नाही. चारांतलं एक निवडायचं म्हटलं की डोळे मिटूनही पाव वर्गाचं बरोबर येतं.

दुसरा: 'डेंग्यूचे डास प्रामुख्याने कुठे वाढतात?' बहुतेकांचं उत्तर 'तळ्यात'. प्रत्यक्षात एडिस डास घराभोवती साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो: कुंडीखालची ताटली, पिंप, टायर.

---

पाणकणीस

डासांच्या प्रश्नात एक दुरुस्ती. 'तळ्यात डास होत नाहीत' असं शिकवू नका, ते खोटं आहे. सांडपाणी साचलं की क्युलेक्स डास होतो आणि मॅन्सोनिया डासाच्या अळ्या जलपर्णीच्या मुळांना चिकटून त्यातूनच श्वास घेतात. बरोबर मांडणी अशी: निरोगी तळ्यात मासे आणि चतुरांच्या अळ्या डासांच्या अळ्या खातात, आजारी तळ्यात खाणारेच मरतात. काठावरच्या रहिवाशाला डासांचा त्रास खरोखर होत असतो. त्याला 'तुमचा गैरसमज आहे' म्हटलं की तो पुढचं ऐकत नाही.

कायद्याबद्दलही सांभाळून. रामसरच्या व्याख्येत मानवनिर्मित तळी, धरणांचे फुगवटे सगळे बसतात. पण आपल्याकडच्या २०१७ च्या पाणथळ नियमांनी नदीपात्र, भातशेती आणि खास पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी बांधलेले जलाशय वगळले आहेत. पुण्याच्या आसपासची बहुतेक पाणथळ अशीच, बांधलेली. त्यामुळे फलकावर 'कायद्याने संरक्षित पाणथळ' असं सरसकट लिहू नका. महाराष्ट्रातली रामसर स्थळं म्हणून नांदूरमधमेश्वर, लोणार आणि ठाण्याची खाडी यांची नावं द्या. त्यात उजनी नाही, हे फलक लिहिणारे नेहमी विसरतात.

---

ब्लोअर_चालू_ठेवा

सोसायट्यांचा मुद्दा निघालाच आहे तर त्यातलं काम सांगतो. २०,००० चौरस मीटरवरच्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते आणि तिच्यासोबत मैलापाणी शुद्धीकरणाची अट येते. म्हणजे मोठ्या सोसायट्यांत प्रकल्प बसवलेला असतो. प्रश्न तो चालतो का, हा आहे. कमिटीला पाणथळीचं महत्त्व सांगायला जाऊ नका. त्यांना तळघरात घेऊन जा आणि पाऊण तासात चार गोष्टी दाखवा.

एक, ब्लोअर, म्हणजे टाकीत हवा सोडणारं यंत्र. वीजबिल वाचवायला तो रात्रभर बंद ठेवतात. टाकीतल्या जिवाणूंना हवा मिळाली नाही की ते काम सोडतात, पाणी सडतं. नोंदवही मागा आणि तासांचा मीटर असेल तर त्याचा आकडा फोटोत घ्या. दोन, रंग आणि वास. टाकीतलं पाणी तपकिरी आणि ओल्या मातीच्या वासाचं असेल तर ठीक. काळं आणि सडक्या अंड्यांच्या वासाचं असेल तर हवा कमी. तीन, अर्ध्या तासाची गाळ चाचणी. हवा देण्याच्या टाकीतलं एक लिटर पाणी काचेच्या मोजपात्रात घ्या, तीस मिनिटं हलवू नका. गाळ २०० ते ३०० मिलीच्या खुणेवर बसून वरचं पाणी नितळ राहिलं तर प्रकल्प बरा चालला आहे. ५०-६० मिलीच बसला तर जिवाणूच पुरेसे नाहीत. ७००-८०० वर अडकला तर गाळ फुगला आहे किंवा काढलाच नाही. चार, बाहेर जाणारा पाइप. प्रक्रिया केलेलं पाणी फ्लशला, बागेला जातं की मागच्या ओढ्यात, हे पाइपमागे चालत जाऊन बघा.

हेच चार आकडे दोन महिन्यांनी पुन्हा घ्या, फार आधी सांगून नव्हे तर आदल्या दिवशी फोन करून. महिनाभर आधी सांगितलं की सगळं धुऊन-पुसून ठेवतात.

एक अडचण आधीच लिहून ठेवतो: प्लास्टिकच्या चकत्यांवर जिवाणू वाढवणारा प्रकार असेल तर गाळ चाचणीचे वरचे आकडे लागू होत नाहीत, कारण जिवाणू चकत्यांवर असतात, पाण्यात नाही. तिथे चकत्यांवर पातळ तपकिरी थर आहे का आणि त्या टाकीत मोकळ्या फिरतात का, एवढंच बघा.

---

रामनदीकाठ

ब्लोअर, हे सोन्यासारखं आहे. किती सोसायट्या पकडाव्यात? आणि फिरायला येणाऱ्यांचं काय मोजायचं? त्यांच्याकडून फॉर्म भरून घेणं जमणार नाही.

---

ब्लोअर_चालू_ठेवा

दहा. पण किती सोसायट्यांना विचारलं, तो आकडाही लिहा. तीसला विचारून दहा आल्या तर त्या दहा मुळातच जागरूक आहेत, बाकी वीसांबद्दल तुम्हाला काही कळलेलं नाही.

---

आकडेमोड

फिरायला येणाऱ्यांना विचारू नका, बघा. एक वागणं निवडा. माशांना पाव आणि कणकेचे गोळे टाकणं हे चांगलं आहे, कारण ते उघड दिसतं आणि मोजता येतं. (मैलापाण्यापुढे त्याचा वाटा किरकोळ आहे, हे फलकावरही प्रामाणिकपणे लिहा. नाहीतर लोक समजतील, पाव थांबवला की तळं वाचलं.)

पद्धत: दोन निरीक्षक, वेगवेगळ्या जागी, सकाळी सात ते नऊ, २० मिनिटांचे तुकडे. प्रत्येक तुकड्यात दोनच आकडे: किती माणसं गेली आणि त्यातल्या किती जणांनी खाणं टाकलं. नुसतं 'बारा जणांनी टाकलं' याला अर्थ नाही. रविवारी तिप्पट गर्दी असते. सुरुवातीला दोघांनी एकाच जागी उभं राहून तीन-चार तुकडे मोजा. दोघांचे आकडे दहापैकी आठ वेळा जुळले नाहीत तर 'टाकणं' कशाला म्हणायचं हेच स्पष्ट नाही. पिशवी झटकणं धरायचं की नाही? लहान मुलाने टाकलं आणि आजोबांनी पाव दिला, तर एक की दोन? हे आधी लिहून ठेवा.

फलकाआधी तीन आठवडे, नंतर तीन आठवडे. पितृपक्षातला आठवडा आणि नोव्हेंबरातला आठवडा एकमेकांसमोर ठेवू नका, त्या पंधरवड्यात पाण्याकाठी घास ठेवणारे असतातच. निर्माल्य मोजायचं ठरवलंत तर गणपतीचे दिवस असेच वेगळे काढा.

फलकाचंही तसंच: किती जण गेले, किती थांबले, किती सेकंद थांबले. दहा सेकंदांत कोणी निघून जात असेल तर त्याने फक्त शीर्षक आणि चित्र पाहिलं. म्हणून 'पाषाण तलावाची जैवविविधता' असं शीर्षक देण्यापेक्षा 'इथे पाव टाकू नका, मासे पहाटे गुदमरतात' असं लिहा. थांबला नाही तरी निरोप पोचला.

---

उजनीकर

पाषाणबाहेरचं आहे, पण पद्धत उपयोगी पडेल म्हणून. उजनी धरणाच्या काठी भिगवण-कुंभारगावला रोहित (फ्लेमिंगो) बघायला येणाऱ्यांसाठी नावाड्यांचं प्रशिक्षण करायचं तर प्रशिक्षणार्थींचे गुण मोजू नका. एका फेरीत थवा किती वेळा उडाला ते मोजा. उडाला म्हणजे खाणं थांबलं आणि ताकद खर्च झाली. इंजिन किती अंतरावर बंद केलं तेही लिहा. पाण्याची पातळी बरोबर नोंदवा: धरण भरलेलं असताना चिखलाचे पट्टे बुडालेले असतात, पाणी उतरत जाईल तसे ते उघडे पडतात आणि रोहित काठाशी येतात. डिसेंबर आणि मार्चची तुलना पातळीशिवाय केली तर पाण्याचं श्रेय किंवा दोष प्रशिक्षणाला जातो.

---

पाणकणीस

सुरक्षिततेचं राहिलं. मैलापाणी मिसळलेल्या पाण्यात मुलांनी हात घालायचा नाही. दोरी बांधलेल्या पाच लिटरच्या बादलीने मोठ्या माणसाने पाणी काढायचं, हातमोजे आणि गमबूट घालून. किडे दाखवायचे तर अर्ध्या मिलिमीटर जाळीच्या हातजाळीने तीन मिनिटं काठ ढवळून माल पांढऱ्या ट्रेमध्ये ओता, ३० बाय ४० सेंमीचा पुरतो. शेजारी दुसऱ्या ट्रेमध्ये नदीच्या वरच्या, कमी मैल्या अंगाचं पाणी ठेवा. मेफ्लाय या कीटकाची अळी शेपटीच्या तीन धाग्यांवरून आणि पोटाच्या बाजूला सतत हलणाऱ्या कल्ल्यांवरून ओळखता येते, तिला ऑक्सिजन भरपूर लागतो. ज्या पाण्यात ती नाही आणि लाल रक्तकृमीच (कमी ऑक्सिजनातही तगणाऱ्या अळ्या) आहेत, त्याची कथा मुलांना सांगावी लागत नाही. वरच्या अंगाचा नमुना बादलीत आणताना बॅटरीवरचा मत्स्यपेटीचा पंप लावा आणि बादली सावलीत ठेवा. नाहीतर मेफ्लाय वाटेतच मरतात आणि दोन्ही ट्रे सारखेच दिसतात. काम झालं की साबणाने हात धुणं आणि जिथला माल तिथेच परत सोडणं.

---

मास्तर_९अ

आकडेमोड, तीन चाचण्या एकाच मुलाच्या आहेत हे कसं जुळवायचं? नाव लिहायला सांगितलं की मुलं शिक्षकांना आवडेल ते लिहितात. आणि पहिली चाचणी दिली पण तळ्यावर आलाच नाही, असा प्रत्येक वर्गात चार-पाच जणांचा गट असतो. त्यांचं काय?

---

आकडेमोड

नावाऐवजी खूण: आईच्या नावाचं पहिलं अक्षर, स्वतःच्या जन्मतारखेचा दिवस (फक्त दिवस, महिना-वर्ष नको) आणि प्राथमिक शाळेच्या नावाचं पहिलं अक्षर. मोबाइलचे शेवटचे अंक घेऊ नका, मुलं दर वेळी वेगळ्या पालकाचा नंबर लिहितात. तरीही काही खुणा जुळणार नाहीत. न जुळलेल्या कागदांची संख्या अहवालात द्या. गुण शाळेतल्या शिक्षकांनी देऊ नयेत, आणि देणाऱ्याला कागद आधीचा की नंतरचा, कुठल्या शाळेचा, हे कळता कामा नये. सगळे गठ्ठे एकत्र मिसळून मग तपासा.

न आलेल्यांचे कागद फेकू नका. शाळेचा मुख्य आकडा त्यांच्यासकट काढा, कारण शाळेला कार्यक्रम दिला तर अशी मुलं राहणारच. खाली दुसऱ्या ओळीत फक्त आलेल्यांचा आकडा द्या. थांबलेल्या शाळांशी तुलना करताना मात्र पहिलाच आकडा वापरा: तिथे कोण आलं नसतं हे आपल्याला माहीत नाही, आणि आलेली मुलं बहुतेक वेळा आधीपासूनच आवड असलेली असतात. पूर्वचाचणीत दोन्हींचे गुण किती होते ते शेजारी लिहिलंत की वाचणाऱ्याला फरक दिसेल.

---

रामनदीकाठ

तळ्यावर न आलेल्यांना फेब्रुवारीच्या दुसऱ्या फेरीत घेता येईल का?

---

आकडेमोड

तिसरी चाचणी झाल्यावर जरूर घ्या. त्याआधी नको.